दिवसाला पंच्याऐंशी रुपये



जून २००३. नाशिक जिल्ह्यात शेतातल्या झोपडीवर दरोडा पडला, पाच माणसे मारली गेली. पोलिसांनी भटक्या जमातीचे सहा गरीब मजूर धरले. वाचलेल्या बाईने पोलिसांकडच्या फोटोंतून दुसरेच चार गुन्हेगार ओळखले होते. त्यांच्यापर्यंत तपास गेलाच नाही. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला लावली.

सोळा वर्षांचे पाच लाख, म्हणजे दिवसाला पंच्याऐंशी रुपये. कापसाच्या उत्पादन खर्चात आपली मजुरी धरतानाही सरकारचा हात असाच आखडतो!

आणि मेलेल्यांच्या घराला तरी काय मिळाले? खरे खुनी मोकळेच राहिले.

वऱ्हाडात शेतातली मोटर गेली की पोलिसांची गाडी आधी पारधी बेड्यावर जाते. जन्मावरून गुन्हेगार ठरवणारा इंग्रजांचा १८७१ चा कायदा १९५२ साली रद्द झाला, पण ठाण्यातून तो गेलेला नाही. आज पारध्याचे पोर विनापुरावा आत जाते, उद्या रास्ता रोकोतला शेतकरी जाईल.

१९८७ च्या कायद्याने कोठडीतल्या प्रत्येकाला फुकट वकील मिळतो. अमरावती आणि अकोल्याच्या बैठकांत आम्ही ठराव मांडत आहोत: तालुक्यात कोणालाही अटक झाली, की पहिल्याच दिवशी हा वकील मिळवून द्यायचा. चोर पकडलाच पाहिजे, पण तो खरा चोर असला पाहिजे.