छपराआधी वकील

बेघर तरुणांना मोफत वकील द्या म्हटलं, की दोन उत्तरं हमखास येतात. पहिलं : वकील कशाला, धडधाकट आहेत, कामं करू देत. दुसरं जरा सुसंस्कृत : आधी निवारा द्या, कोर्टकचेरीचं पुढे बघू.

पहिलं उत्तर फक्त नाक्यावरचं नाही. बेघरांनी कामं करावीत, सगळंच सरकार पुरवू शकत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठानेही जुलै २०२१ मध्ये ऐकवलं होतं. (फुटपाथवरचे लोक हटवा अशी मागणी २०२३ मध्ये पुढे आली, तेव्हा तीही माणसंच आहेत, असं त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या खंडपीठाने सुनावलं.) पण ही पोरं काम करत नाहीत, हे ठरवलं कोणी? मंडईत पाट्या वाहणारी, लग्नात पंगती वाढणारी, वरातीत डोक्यावर दिवे धरणारी कोण असतात? मजुरी रोख मिळते, पावती मिळत नाही. रात्री पुलाखालून उचललं, तर कमावतो हे दाखवायचं कशावरून?

उचलण्याची सोय कायद्यातच आहे. १९५९ चा मुंबई भीक प्रतिबंधक कायदा हात पसरणाऱ्यालाच लागू होतो, हा गैरसमज. उपजीविकेचं दृश्य साधन नसताना, भिकेवर जगत असावा असं वाटण्याजोग्या अवस्थेत सार्वजनिक जागी भटकणं, हीसुद्धा त्याच्या लेखी भीकच. वॉरंट लागत नाही. न्यायालयाने ताकीद देऊन सोडलं नाही, तर पहिल्याच खेपेला भिक्षेकरी गृहात किमान एक वर्ष, जास्तीत जास्त तीन. याच्या शेजारी २०१५ चा बाल न्याय कायदा ठेवा. घर नाही, पोट भरण्याचं उघड साधन नाही, अशा मुलाला तो काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक मानतो. म्हणजे जी अवस्था सतराव्या वर्षी संरक्षण मिळवून देते, तीच अठरा पूर्ण होताच अटकेला कारण होते. पोराने मधल्या काळात वाढदिवसाखेरीज काहीही केलेलं नसतं! दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये भीक कायद्यातली बहुतेक कलमं दिल्लीपुरती रद्द केली. ज्या मुंबईच्या नावाने तो ओळखला गेला, तिथे तो शाबूत आहे.

आता 'आधी निवारा'. निवारा हवाच. पण लाख लोकसंख्येमागे शंभर जणांचा एक, हे शहरी निवाऱ्यांचं प्रमाण सरकारला आपसूक सुचलेलं नाही. त्यामागे सर्वोच्च न्यायालयात लढलेली याचिका आहे, आणि मुंबईने ते प्रमाण अजून गाठलेलं नाही. छप्परही वकिलाच्या मागोमागच येतं.

'मोफत विधी सेवा आहेच की,' हा शेवटचा बचाव. आहे. १९८७ च्या कायद्याने स्त्रिया, मुलं आणि कोठडीतल्यांना उत्पन्न न पाहता वकील मिळतो. एकोणीस वर्षांच्या मोकळ्या पोराला मात्र बहुधा उत्पन्नाच्या अटीतूनच यावं लागतं, आणि दाखला काढायला पत्ता हवा. वास्तविक कलम १३ नुसार, अविश्वासाला कारण नसेल तर उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र पुरेसं मानता येतं. हे त्याला सांगणारं कोणी भेटत नाही, म्हणून वकील भेटतो तो कोठडीत गेल्यावर.

तेव्हा वकिलानेच आधी त्याच्यापर्यंत जायला हवं. रात्री कोण जाणार, असं विचारू नका. बेघराचं नाव मतदार यादीत घालताना निवडणूक कर्मचाऱ्याने रात्री जाऊन तो सांगितलेल्या जागी झोपतो का ते पाहावं, आणि तसं दिसलं तर पत्त्याचा कागद मागू नये, असा आयोगाचा नियम आहे. मतासाठी जे जमतं, ते हक्कासाठीही जमवता येईल. बालगृह सोडणाऱ्या मुलाची कागदपत्रं आणि पुढची अनुरक्षणाची मदत बाहेर पडण्याआधीच मार्गी लागली पाहिजे. ते कामही वकिलाचंच. विधिमंडळाने भीक कायद्यातली ती 'भटकण्याची' व्याख्या तरी काढून टाकावी.

तोवर, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनलवर ज्या वकिलांचं नाव आहे, त्यांनी महिन्यातली एक रात्र स्टेशनबाहेर द्यावी. सोबत प्रतिज्ञापत्राचे कोरे नमुने न्यावेत आणि एक नोटरीही.