धरणं आपली, सांडपाणी समुद्रात : मुंबईच्या प्रक्रिया केंद्रांकडे शहापूर-वाड्यानं का पाहावं?

शहापूर : उन्हाळा आला की शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर सुरू होतात. याच तालुक्यात भातसा आणि तानसा ही मुंबईला पाणी देणारी धरणं आहेत. मोडक सागर, मध्य वैतरणा आणि अप्पर वैतरणाही शहापूर, वाडा, मोखाडा, इगतपुरीच्या डोंगरपट्ट्यातच. या सगळ्यांतून मुंबईला रोज साधारण ३,८०० ते ४,००० दशलक्ष लिटर पाणी जातं. एकट्या भातसाचा वाटा त्यात निम्म्याच्या आसपास.

हे पाणी वापरल्यावर जातं कुठं? गटारात, आणि तिथून समुद्रात किंवा खाडीत.

वरळी आणि वांद्रे इथं वर्षानुवर्षं एकच पद्धत चालली. जाळीनं प्लास्टिक-चिंध्या अडवायच्या, रेती खाली बसवायची आणि उरलेलं मैलापाणी तीन-साडेतीन किलोमीटर लांब बोगद्यानं समुद्रात सोडायचं. घाटकोपर, भांडुपला तळ्यात हवा घालून पाणी ठाणे खाडीत जायचं. शिवाय झोपडपट्ट्यांचं बरंच सांडपाणी नाल्यांतून थेट मिठी नदीत, खाडीत उतरतं ते वेगळंच.

यात नुकसान काय, ते शेततळ्यात मासे पाळणाऱ्याला लगेच समजेल. तळ्यात जास्त शेण पडलं तर मासे पहाटे वर येऊन तोंड वासतात. घाण कुजवणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतात म्हणून. खाडीतही तेच होतं. किनाऱ्याजवळची मासळी कमी होते आणि कोळ्यांना होडी लांब न्यावी लागते, डिझेल जास्त जळतं. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर दर्जा मिळाला. तिथं फ्लेमिंगो येतात, पण पाणी मात्र शहराच्या गटाराचंच.

आता वरळी, वांद्रे, मालाड, धारावी, वर्सोवा, घाटकोपर आणि भांडुप इथं सात नवी केंद्रं बांधली जात आहेत. जानेवारी २०२३ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते त्यांचं भूमिपूजन झालं. एकूण क्षमता रोज २,४६४ दशलक्ष लिटर. यात मैलापाण्यात हवा सोडून जिवाणू वाढवतात, ते घाण खातात, मग गाळ खाली बसतो आणि वरचं पाणी निर्जंतुक करून सोडलं जातं. खाडीतला प्राणवायू जिवाणूंनी खाण्यापेक्षा हे काम टाकीतच उरकायचं, एवढंच यामागचं तत्त्व.

गावाचा प्रश्न यापुढचा आहे. साफ केलेलं पाणी परत समुद्रातच सोडणार, की वापरणार? ते डोंगर चढवून शहापूरला आणणं परवडणार नाही. पण शौचालयं, बागा, बांधकाम, कारखाने यांना ते चालतं. नागपूरचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं. समुद्राकाठचं सुरत शहर ते पांडेसराच्या कारखान्यांना विकतं. म्हणजे ही काही हवेतली गोष्ट नाही.

हिशेब मांडून बघा. वाडा तालुक्यातल्या गारगाई धरणातून मुंबईला रोज ४४० दशलक्ष लिटर पाणी मिळेल असं सांगितलं जातं. त्यासाठी गावं उठणार, तानसा अभयारण्याचं जंगल बुडणार. हा प्रकल्प मध्यंतरी मागं पडला होता, आता पुन्हा पुढं आलाय. सातही केंद्रांचं निम्मं पाणी जरी शहरातच फिरलं, तर ते १,२३२ दशलक्ष लिटर होतं, म्हणजे पावणेतीन गारगाई. ते पिण्याचं नव्हे, हे खरं. घरोघर वेगळी पाइपलाइन टाकायला पैसाही लागेल. पण आज धरणाचंच शुद्ध पाणी संडासात ओतलं जातं, तेवढं तरी वाचेल.

म्हणून मुंबईतली ही केंद्रं गावानं लांबची बातमी समजू नये. नव्या धरणाची जनसुनावणी होईल तेव्हा एक प्रश्न ग्रामसभेच्या ठरावात लिहून न्यावा : आधीच्या पाण्यातलं किती लिटर तुम्ही परत वापरता? त्याचं उत्तर आकड्यात मिळाल्याशिवाय पुढच्या धरणाची चर्चा होऊ नये.