जागेवर राहण्याचे बळ

घडोघडी जागा बदलून बास मासा गळाला लावणाऱ्या अमेरिकन शौकिनाला नांगर टाकण्या-ओढण्याचा खटाटोप नको असतो. म्हणून तो होडीच्या पुढल्या टोकाला विजेची मोटर बसवतो. उपग्रहांच्या संकेतांवरून ती जागा ओळखते. होडी ढळली की स्वतःच तिला परत आणते.

वाचकहो, अशी मोटर निवडताना जाहिरात वाचण्याआधी होडी तोलावी! माणसे-सामानासह दर १०० पौंडांमागे निदान २ पौंड रेटा हवा. म्हणजे ३,००० पौंडांना ६०. वाऱ्याच्या तळ्यावर ८० बरा. त्याला २४ व्होल्ट, म्हणजे १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या लागतात. दांडाही असा लांब हवा, की लाटेवर पंखा उघडा पडू नये. येथे काटकसर केली, तर दुपारच्या वाऱ्यात होडी खडकाकडे निघालीच म्हणून समजा. जागेवर राहायलाही बळ लागते!