विश्लेषण : फ्लूच्या साथीत काळजी घेणाराच आजारी पडला तर? बीडमधील दिव्यांगांसाठी तयारी कशी हवी?

फ्लूची मोठी साथ आली की चर्चा लस, खाटा आणि ऑक्सिजनची होते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस कोण बदलणार, त्याला घास कोण भरवणार, हे आराखड्यात क्वचितच येते. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबांतील कर्ती माणसे ऊसतोडीला जाणाऱ्या बीडमध्ये हा प्रश्न अधिक बिकट आहे.

कायदा काय सांगतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याच्या कलम ८ नुसार जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातील दिव्यांगांची नोंद ठेवायची आणि धोक्याची सूचना त्यांच्यापर्यंत पोहोचवायची. जिल्हाधिकारी या प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. म्हणजे जबाबदारी कोणाची, याबद्दल संदिग्धता नाही.

२०२० मध्ये काय झाले?

महाराष्ट्राने २३ मार्च २०२० रोजी जिल्ह्यांच्या सीमा बंद केल्या, २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी आली. दिव्यांगांच्या मदतनिसांना सवलत किंवा पास द्यावेत, अशा केंद्राच्या सूचना त्यानंतर निघाल्या. आधी दार बंद झाले, मग किल्लीचा विचार झाला.

केंद्राने राष्ट्रीय सामाजिक सहाय्य कार्यक्रमातील लाभार्थ्यांना दोन हप्त्यांत एक हजार रुपये दिले. पण त्यातील दिव्यांग निवृत्तिवेतनासाठी वय किमान १८, दारिद्र्यरेषेखालील कुटुंब आणि ८० टक्के किंवा अधिक अपंगत्व अशा अटी आहेत. सेरेब्रल पाल्सी असलेले दहा वर्षांचे मूल त्यात बसत नाही.

सीमाबंदीचा अर्थ आष्टीत वेगळा आणि परळीत वेगळा. परळीच्या रुग्णाला अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. आष्टीकराला ते शंभर किलोमीटरहून दूर. त्याला अहिल्यानगर जवळचे, पण ते जिल्ह्याच्या सीमेपलीकडे. थॅलेसिमियाच्या रुग्णाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागते. साथीत रक्तदान शिबिरे थांबतात, त्यात सीमेवर अडवणूक झाली तर तो दोन्हीकडून अडकतो.

ऊसतोडीचा संबंध काय?

हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल. भारतात फ्लू पावसाळ्यात आणि पुन्हा जानेवारी ते मार्चमध्ये वाढतो. नेमक्या या दुसऱ्या काळात गावात उरतात म्हातारी माणसे, शाळकरी मुले आणि फडावर नेता न येणारे दिव्यांग. सत्तरीतली आजी चालता न येणाऱ्या नातवाला उचलते. आजीला ताप आला की त्या घरातली सेवा बंद. मुलांच्या शिक्षणासाठी गावोगावी हंगामी वसतिगृहे चालतात, पण साथीत शाळांबरोबर तीही बंद होतात आणि त्या मुलांचा भारही आजीवरच येतो.

आईबापांनी परत यावे, असे म्हणणे सोपे. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते. मध्येच काम सोडले तर ती अंगावर राहते. २०२० मध्ये तर परतीची परवानगी मिळायलाच एप्रिलचा मध्य उजाडला होता.

मग यादीत काय हवे?

अपंगत्वाची टक्केवारी साथीत फारशी उपयोगाची नाही. ९० टक्के दृष्टिदोष असलेला माणूस स्वतःचे घर चालवत असेल आणि ५० टक्क्यांचे प्रमाणपत्र असलेल्याला दोन वेळा भरवावे लागत असेल. म्हणून नोंदीत हवे ते असे : रोज कोणती मदत लागते, ती कोण करते, ती व्यक्ती हंगामात गावात असते का आणि ती आजारी पडल्यास कोण येईल. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. फ्लू घरात एकाला झाला की इतरांनाही पटकन गाठतो, म्हणून बदली माणूस दुसऱ्या घरातला हवा. रुग्ण साधारण आठवडाभर इतरांना संसर्ग देऊ शकतो; तेवढे दिवस भागवायचे आहेत.

हे काम आशा सेविकांवर टाकून मोकळे होणे ही नेहमीची वाट आहे, पण साथीत सर्वेक्षणाचा पहिला बोजा त्यांच्यावरच पडतो. ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नाचा ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. बदली मदतनिसाची रोजंदारी त्यातून देता येईल का, हे जिल्हा परिषदेने आधीच स्पष्ट करायला हवे. लहान ग्रामपंचायतीत हा निधी तुटपुंजा असतो, तिथे जिल्ह्याने भर घालावी लागेल. अपस्माराच्या गोळ्या अचानक थांबल्या तर झटके वाढतात. त्यामुळे घरात महिनाभराचा साठा हवा. मूत्रनलिका लागणाऱ्यांसाठीही तेच.

लसीवर सगळी भिस्त ठेवता येणार नाही. २००९ मध्ये स्वाइन फ्लूचा विषाणू एप्रिलमध्ये ओळखला गेला, ३ ऑगस्टला पुण्यात देशातील पहिला मृत्यू झाला, तेव्हा या विषाणूवरची लस भारतात उपलब्ध नव्हती. नवा विषाणू आला तर पहिले काही महिने असेच जातील. बीडमध्ये ही नोंद करण्याची योग्य वेळ सप्टेंबर. टोळ्या गावाबाहेर पडल्यावर बदली माणसाचे नाव सांगायला घरात आजीच असेल.