‘घरी जा’ म्हणणारे भूत

जपानमध्ये एप्रिल २०२२ मध्ये बारा भागांची एक ॲनिमे मालिका आली. इंग्रजीत तिचे नाव ‘मिस शाचिकु अँड द लिटल बेबी घोस्ट’. गोष्ट म्हटली तर दोन ओळींची. फुशिहारा नावाची तरुणी रात्री उशिरापर्यंत ऑफिसात एकटीच कॉम्प्युटरपुढे बसलेली असते. त्या ऑफिसात एका चिमुरड्या मुलीचे भूत आहे. ते अंधारातून येते आणि जमेल तेवढा भेसूर आवाज काढून तिला बजावते, निघून जा इथून. झपाटण्याचा त्याचा काही बेत नसतो. ही बाई अशीच बसून राहिली तर आजारी पडेल, तिने वेळेवर घरी जावे, एवढीच त्याची इच्छा. पण भूत दिसायला इतके गोजिरे की त्याच्याकडे पाहूनच फुशिहाराचा शीण उतरतो आणि ती पुन्हा कामाला लागते. विनोद सगळा इथे आहे. हसू ओसरल्यावर ध्यानात येते की अख्ख्या कंपनीत ‘आता पुरे, घरी जा’ असे तिला सांगणारे जिवंत माणूस एकही नाही.

जपानी ॲनिमेत या जातीच्या गोष्टींची आता रांगच लागली आहे. २०१९ च्या ‘सेन्को-सान’मध्ये आठशे वर्षांची कोल्हीण-देवता कामाने पिचलेल्या नाकानोच्या घरी उतरते, त्याला रांधून वाढते आणि त्याचे डोके मांडीवर घेऊन थोपटते. २०२३ च्या ‘झॉम १००’मध्ये कंपनीने तीन वर्षे पिळून काढलेला आकिरा तेन्दो एका सकाळी बाहेर पाहतो, तर शहर चालत्या-फिरत्या मुडद्यांनी भरलेले; आणि हा पठ्ठ्या आनंदाने बेभान होतो, कारण आता ऑफिसला जायला नको. सुटका करायला भूत येते, देवता येते, जगबुडी येते. येत नाहीत ते साहेब, युनियन आणि कामगार निरीक्षक. या मालिकांना पलायनवादी म्हणणे सोपे आहे. मला त्या साक्षीदार वाटतात. माणसाकडून आता काही अपेक्षा उरली नाही, हे त्या हसत हसत नोंदवतात. मराठी विनोदाने मात्र कचेरीतल्या माणसाविषयी अशी साक्ष जवळपास कधी दिलेली नाही. आपल्याकडे कचेरी हा हशाचा हुकमी विषय आहे, पण आरोपीच्या पिंजऱ्यात कायम कर्मचारीच उभा असतो. हा जुना विनोद आता चुकीच्या माणसाला लागतो आहे, आणि ते पाहायला वाशीम जिल्ह्यासारखी दुसरी जागा नाही.

मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे कचेरी म्हटले की खुर्चीवर कोट टांगलेला आणि कोटाचा मालक चहाला गेलेला. पु. ल. देशपांडे यांच्या ‘असा मी असामी’तला धोंडो भिकाजी जोशी हा कारकून त्यातल्या त्यात भाग्यवान, कारण पुलंनी त्याच्याकडे मायेने पाहिले, पण त्याचाही विनोद त्याच्या भिडस्तपणाचा आणि बदलत्या काळाशी होणाऱ्या ओढाताणीचा आहे, कामाच्या ओझ्याचा नाही. अद्भुताची तर आपल्याकडे मुळीच वाण नाही. द. मा. मिरासदारांनी ‘भुताचा जन्म’ लिहून गावोगावच्या भुतांची वंशावळच उघडी पाडली. महेश कोठारे यांच्या ‘दे दणादण’मध्ये (१९८७) लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या पोलीस शिपायाला अचाट ताकद मिळते आणि लाल रंग दिसला की ती गळून पडते. सरकारी नोकराला दैवी वर मिळाल्याची मराठीतली ही बहुधा सर्वांत लोकप्रिय गोष्ट. त्या वरातून त्याला मिळते काय, तर आणखी काम करण्याची शक्ती! जपानी भूत कर्मचाऱ्याला घरी पाठवते. आपला वर त्याला जास्तीच्या ड्युटीवर धाडतो. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’तल्या (१९५५) तरुण मास्तरावर शिकवण्याबरोबर गावाच्या नाना भानगडी आणि तालीम बांधण्याचे कामही येऊन पडते. कामाखाली वाकलेला सरकारी माणूस मराठीत इतक्या नेमकेपणाने क्वचितच आला असेल, पण ती विनोदी कादंबरी नव्हे.

आता वाशीमकडे या. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा काढलेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे बारा लाख. २०१८ पासून तो निती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे, गडचिरोली, नंदुरबार आणि धाराशिवच्या सोबतीने. या यादीतल्या जिल्ह्यांची प्रगती आरोग्य, शिक्षण, शेती, बँक खाती, रस्ते-पाणी अशा क्षेत्रांतल्या ४९ निर्देशांकांवर मोजली जाते आणि महिन्याच्या महिन्याला क्रमवारी लागते. दिल्लीतल्या पडद्यावर हे आकडे रंगीत पट्ट्यांमध्ये दिसतात. पण आकडा काही आपोआप उगवत नाही. मानोरा तालुक्यातल्या एखाद्या तांड्यावर बाळाला वजनकाट्यावर ठेवणारी, ते वजन वहीत लिहिणारी आणि मग रेंज येईल त्या कोपऱ्यात उभी राहून मोबाईलवर भरणारी अंगणवाडी सेविका त्याच्या मुळाशी असते. २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर हे ॲप आले. त्याच वर्षी राज्यभरातल्या सेविकांनी ॲप इंग्रजीत, फोन निकृष्ट अशी तक्रार करत सरकारने दिलेले मोबाईल सरकारला परत केले. एवढ्या प्रसंगावर एखाद्या चांगल्या लेखकाने तीन अंकी फार्स लिहिला असता. आपल्याकडे कोणाला सुचले नाही. ४ डिसेंबर २०२३ पासून त्या संपावर गेल्या, तेव्हाही बातमी झाली ती अंगणवाड्या बंद पडल्याची. २०२४ च्या उन्हाळ्यानंतर लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरून घेण्याचे कामही त्यांच्या पदरात पडले.

तलाठ्याचे असेच. २०२४ मध्ये त्याचे नाव ग्राम महसूल अधिकारी असे लांबलचक झाले, आणि कामाची यादी नावाच्याही पुढे गेली. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवर करायची आहे. ज्यांची राहते, ती शेवटी महसूल यंत्रणेच्या गळ्यात येते. २०२५ च्या पावसाळ्यात अतिवृष्टीने सोयाबीन आडवे झाले तेव्हा पंचनामे करायला बांधावर जाणारा हाच; उत्पन्नाच्या दाखल्यासाठी चौकशी करणारा हाच; मतदार यादीच्या कामाला जुंपला जाणाराही बहुतेकदा हाच. शेजारच्या सजाची, म्हणजे दुसऱ्या तलाठ्याकडच्या गावांची, जागा रिकामी असेल तर ‘अतिरिक्त कार्यभार’ हे दोन शब्द असलेला एक आदेश निघतो आणि एका माणसाची दोन माणसे होतात. हा चमत्कार कोणत्याही ॲनिमेत शोभून दिसेल. शिक्षकांबाबत तर कायदाच स्पष्ट आहे: शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २७ प्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता त्यांना अशैक्षणिक कामाला लावता येत नाही. जिल्हा परिषदेच्या कोणत्याही गुरुजींना हे कलम वाचून दाखवा. ते मनापासून हसतील, हे मात्र नक्की.

यावर पहिला आक्षेप येईल तो रिसोडच्या किंवा मंगरुळपीरच्या शेतकऱ्याकडून, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. एका फेरफारासाठी चार चकरा मारणाऱ्याला, प्रत्येक वेळी ‘साहेब मिटिंगला गेलेत’ हे उत्तर ऐकणाऱ्याला, दरमहा पगार घेणाऱ्याच्या थकव्याचे कौतुक का असावे? शेतीला ना रविवार ना दिवाळीची सुट्टी. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा झाला, वेळ पावणेदहा ते सव्वासहा. आणखी काय हवे? शिवाय टेबलाखालचा व्यवहार ही काही विनोदकारांनी रचलेली कल्पना नव्हे. हे सगळे खरे आहे. कारकुनावरचा विनोद जन्मला तो याच रांगेत, आणि रांगेतल्या माणसाकडे त्याखेरीज दुसरे हत्यारही नव्हते. पण ‘साहेब मिटिंगला गेलेत’ हे वाक्य अनेकदा खरे असते, ही त्यातली गंमत आहे. बंद दाराआडचा माणूस खरोखरच दुसऱ्या सजात असतो, किंवा तहसीलमध्ये व्हिडिओ कॉन्फरन्सला बसलेला असतो. रांग लांबते ती रिकाम्या जागेमुळे, आणि राबणारा पिचतो तोही त्याच रिकाम्या जागेमुळे. शेतकऱ्याचा राग आणि तलाठ्याचा थकवा ही एकाच भरती न झालेल्या पदाची दोन टोके आहेत. कामचुकार कारकुनाचा विनोद ही जोडणी दिसू देत नाही. तो रांगेतल्या माणसाला समोरच्या टेबलापर्यंतच पोहोचवतो. ज्या मजल्यावर पदे गोठवली जातात तिथे नेत नाही. आशा आणि अंगणवाडी सेविकांच्या बाबतीत तर तो साफच फसतो, कारण त्यांना मिळते ते मानधन. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असे सांगितले, पण सरकारी कर्मचाऱ्याचा दर्जा त्यांना अजून नाही. ‘सरकारचे जावई’ हा टोमणा त्यांना मारायचा तरी कोणत्या नात्याने?

दुसरा आक्षेप उद्योगपतींचा. देश घडवायचा तर तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे, असे नारायण मूर्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये म्हणाले. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे एस. एन. सुब्रह्मण्यन ९० तासांवर गेले आणि रविवारी घरी बसून बायकोकडे किती वेळ बघणार, अशी पुस्तीही जोडली. वाशीमशी याचा संबंध आहे, कारण इथला शिकलेला तरुण कामासाठी पुण्या-मुंबईकडेच जातो. जुलै २०२४ मध्ये पुण्यात एका बहुराष्ट्रीय लेखापरीक्षण कंपनीतली २६ वर्षांची चार्टर्ड अकाउंटंट दगावली. कामाच्या असह्य ताणाविषयी तिच्या आईने कंपनीला लिहिलेले पत्र देशभर वाचले गेले. त्यानंतर सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतली दैनंदिन मर्यादा नऊवरून बारा तास आणि दुकाने-आस्थापनांतली नऊवरून दहा तास करायला मान्यता दिली. जादा तासांना दुप्पट मोबदला आणि कामगाराची संमती, अशा अटी त्यात आहेत. पण ओव्हरटाइम मोजला जातो तो हजेरीपटावर. रात्री दहाला व्हॉट्सॲप ग्रुपवर पडणारे ‘माहिती तात्काळ सादर करावी’ कोणत्याच पटावर येत नाही. कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क देणारे खासगी विधेयक सुप्रिया सुळे यांनी सोळाव्या लोकसभेत आणि पुन्हा २०२५ च्या हिवाळी अधिवेशनात मांडले. खासगी विधेयकांचे आपल्याकडे काय होते हे सर्वांना ठाऊक आहे. ९० तासांच्या त्या वक्तव्याचे पुढे जे झाले ते मात्र लक्षात ठेवण्यासारखे: मोबाईलवर विनोदांचा पाऊस पडला, आणि त्यातला बहुतेक साहेबावर होता. कंपनीला खुलासा करावा लागला. हशाची दिशा फिरू शकते, याचा हा ताजा दाखला.

हसून कायदे बदलतात का, हा तिसरा आणि सर्वांत अवघड प्रश्न. जपानचेच उदाहरण माझ्या विरोधात जाईल. तिथे अतिकामाने होणाऱ्या मृत्यूंना आळा घालणारा कायदा २०१४ मध्ये झाला. २०१५ च्या नाताळात देन्त्सू या जाहिरात कंपनीतल्या २४ वर्षांच्या तरुणीने आत्महत्या केली. २०१७ मध्ये न्यायालयाने कंपनीला दंड केला, अवघा पाच लाख येन. एप्रिल २०१९ पासून मोठ्या कंपन्यांत जादा कामावर महिन्याला ४५ आणि वर्षाला ३६० तासांची मर्यादा आली, आणि विशेष परिस्थितीच्या नावाखाली ती वर्षाला ७२० तासांपर्यंत ताणण्याची पळवाटही. हे घडवले मृतांच्या आईवडिलांनी आणि वकिलांनी, कोल्हीण-देवतेने नव्हे. उलट या मालिका गुंगीचे औषध आहेत असेही म्हणता येईल, कारण फुशिहारा राजीनामा देत नाही आणि तिची कंपनी जागच्या जागी राहते. हा आक्षेप मला बराचसा मान्य आहे. पण कायद्याच्या आधी एक गोष्ट लागते: रात्री अकराला ऑफिसात बसलेला माणूस पाहून लोकांना ‘कर्तबगार आहे’ असे न वाटता ‘काहीतरी चुकते आहे’ असे वाटले पाहिजे. तिथल्या प्रेक्षकाला ते न सांगता कळते, म्हणून तर भुताचा विनोद जमतो. आपल्याकडे त्याच दृश्यावर अजून कौतुकाचे लेख येतात, आणि दुसऱ्या दिवशी अकराला आलेल्या कारकुनावर व्यंगचित्र.

मराठीत अशी गोष्ट रचायची तर वाशीमला भूत उसने आणायची गरज नाही. हे गाव वाकाटकांचे वत्सगुल्म. राजा दुसरा विंध्यशक्ती याचा चौथ्या शतकातला ताम्रपट इथेच मिळाला: एका गावाचे दान, मजकूर काही संस्कृत, काही प्राकृत, आणि त्या गावाला दिलेल्या सवलतींची लांबलचक जंत्री. तो कोरणाऱ्या राजलेखकाला अपुऱ्या कामामुळे मोक्ष मिळालेला नाही असे धरा. सोळाशे वर्षे तो तिथेच आहे, आता तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये राहतो. रात्री सर्व्हर सुरू होण्याची वाट पाहत बसलेल्या तलाठ्यासमोर तो प्रकट होतो. एक गाव नोंदवायला आपल्याला किती दिवस मिळाले ते सांगतो, तलाठ्याची कामांची यादी वाचून घाबरतो, आणि अखेर हातात छिन्नी घेऊन नवा पट कोरायला बसतो. जुनी कलमे तशीच: या गावातून कोणी फुले-दूध घेऊ नये, मिठासाठी जमीन खणू नये, शिपायांनी आत शिरू नये. त्याखाली एक नवे: सव्वासहानंतर कोणी व्हीसी लावू नये. तलाठी ते वाचतो आणि आधी विचारतो, याची पीडीएफ मिळेल का, ग्रुपवर टाकायची आहे.