वॅगन चालवत न्यावी की ट्रकवर चढवावी?

जानेवारी २०२३ मध्ये वडोदऱ्यात, सयाजीराव गायकवाडांच्या लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारात जुन्या मोटारींचे मोठे प्रदर्शन भरले होते. मुंबईपासून वडोदरा साधारण ४०० किलोमीटर. अशा प्रदर्शनाला निघणाऱ्या प्रत्येक मालकापुढे एक प्रश्न असतो: गाडी स्वतः चालवत न्यायची, की ट्रकवर चढवून पाठवायची? संस्थानिकांच्या रोल्स-रॉइसबद्दल हा वाद फारसा होत नाही. ती ट्रकमधूनच जाते. पण गाडी घरगुती स्टेशन वॅगन असेल, उदाहरणार्थ फियाट ११०० ची ‘सफारी’, तर दोन्ही बाजूंना खरे वजन आहे.

चालवत नेण्याच्या बाजूने पहिला मुद्दा वॅगनच्या जन्माचाच आहे. ती बनली माणसे आणि सामान लांब नेण्यासाठी. म्हणूनच तिची संख्या आज इतकी कमी आहे. सलून मोटार जपली गेली, वॅगन राबवली गेली. तिने बिछाने वाहिले, दुकानाचा माल वाहिला आणि शेवटी ती भंगारात गेली. जी वाचली, तिला गालिच्यावर नुसती उभी केली तर पाहणाऱ्याला तिचा आकार कळतो, तिचे काम कळत नाही. मागे होल्डॉल आणि पाण्याचे पिंप, पुढे तिघे जण, गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली, अशी ती मनोर-तलासरी ओलांडून उदवाड्याच्या फाट्यावर चहाला थांबते, तेव्हा टपरीवाल्यालाही तिची सगळी गोष्ट न सांगता समजते.

दुसरा मुद्दा यंत्राचा. उभी गाडी लवकर खराब होते. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल सुकून चिकट थर बसतो, ब्रेक सिलिंडरचे रबर अडकते, ऑइल सील कोरडे पडतात. अंतराअंतराने मोठा पल्ला धावलेली गाडी निरोगी राहते, हे कुठलाही जुना मिस्त्री सांगेल. जाणकारांच्या जगानेही हे मानले आहे. कॅलिफोर्नियातील पेबल बीचच्या प्रदर्शनात १९९८ पासून आधी रस्त्यावरची फेरी असते, आणि एका गटात दोन गाड्यांचे गुण सारखे झाले तर फेरी पूर्ण करणारी गाडी वर धरली जाते. इंग्लंडमध्ये तर १९०५ पूर्वीच्या मोटारी दर नोव्हेंबरात लंडनहून ब्रायटनला, सुमारे ९६ किलोमीटर, स्वतःच्या ताकदीवर जातात.

कायदाही आड येत नाही. केंद्राने २०२१ मध्ये काढलेल्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली गाडी ‘विंटेज’ म्हणून नोंदवता येते. रोजच्या वा धंद्याच्या वापराला तिला मनाई आहे; प्रदर्शनाला आणि रॅलीला जाण्या-येण्यास मात्र परवानगी आहे.

इथवर वाचून किल्ली फिरवावीशी वाटेल. पण ट्रकवर नेणाऱ्यांचा मुद्दा ऐकल्याशिवाय निघू नये, कारण तो भित्रेपणाचा नाही.

इंजिन बिघडण्याची भीती मला त्यात सर्वांत दुय्यम वाटते. १०८९ सीसीचे ते इंजिन मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी दशकानुदशके राबवले. पॉइंट, कंडेन्सर, फॅनबेल्ट, होसपाइप बरोबर घेतले तर बहुतेक दुखणी रस्त्याकडेला बरी होतात. दुपारच्या उन्हात पेट्रोलची वाफ होऊन इंजिनाला पेट्रोल पुरवणारा ‘एसी’ पंप अडला, तर त्यावर ओले फडके गुंडाळण्याचा उपाय जुन्या ड्रायव्हरांना तोंडपाठ आहे. हल्लीच्या पेट्रोलमधले इथेनॉल जुन्या रबराला खाते, हे खरे. पंपाचा पडदा आणि नळ्या आधीच बदलाव्या लागतात. हे सगळे पैशाने आणि मेहनतीने सुटते.

न सुटणारी गोष्ट वॅगनच्या मागच्या अर्ध्या भागात आहे. पुढचे मडगार्ड, बॉनेट, काच हे सलूनचेच, शोधले तर मिळते. मागच्या आसनाच्या दारांपासून मागे मात्र सगळे वेगळे: लांबवलेले छप्पर, बाजूच्या काचा, मागचा दरवाजा, त्याची चौकट. हे भाग मुळातच थोडे बनले, आणि ज्या भंगारातून ते काढावे ते भंगार केव्हाच वितळले. आता महामार्ग डोळ्यांसमोर आणा. आपली गाडी साठच्या आसपास चाललेली, मागून भरलेले ट्रेलर ऐंशीने येतात. चारही चाकांना ड्रम ब्रेक, मागचे दिवे मिणमिणते. धडक बसण्याची शक्यता जास्त ती मागूनच, आणि भरून न येणारा भागही नेमका तोच. शिवाय त्या भागात पूर्वी मुले बसत. आज तिथे कोणाला बसवणे मला मान्य नाही. आणि हळू गाडी इतरांसाठीही धोका ठरू शकते. रस्ता आपल्या हौशीसाठी रिकामा झालेला नसतो.

ट्रकही निर्धोक नव्हे, एवढे इथेच सांगावे. वॅगनची शेपटी लांब असल्याने उतरणीच्या फळीवर ती घासते. पट्टे चुकीच्या जागी आवळले तर दणक्यांनी पत्रा वाकतो. गाडी अनोळखी हातांत जाते आणि मालक दुसऱ्या दिवशी रेल्वेने पोहोचतो.

दोन्ही पारडी पाहून माझे मत चालवत नेण्याच्या बाजूला पडते, पण अटींवर. प्रवास थंडीतला हवा आणि दोन दिवसांत वाटलेला. वलसाड किंवा नवसारीला मुक्काम, अंधारात एकही किलोमीटर नाही. मागे कायम एक आधुनिक गाडी धोक्याचे दिवे लावून चालावी. तिचे काम स्टेपनी वाहण्याचे कमी आणि वॅगनची पाठ राखण्याचे अधिक. मागची काच धावताना बंद ठेवावी, नाहीतर गाडीमागच्या पोकळीमुळे सायलेन्सरचा धूर आत ओढला जातो. पुढच्या आसनांना पट्टे बसवावेत, मूळ गाडीत नसले तरी. पाठराखी गाडी मिळत नसेल, किंवा मालकाला ब्रेकची खात्री नसेल, तर निःसंकोच ट्रक बोलवावा. त्याने गाडीवरचे प्रेम तसूभरही कमी ठरत नाही.

आयोजकांकडूनही काही अपेक्षा आहे. चाकांवर आलेल्या गाडीच्या मडगार्डवरचा खडीचा ओरखडा आणि रेडिएटरच्या जाळीतले किडे यांसाठी गुण कापू नयेत. सुरक्षेसाठी लावलेला पट्टा किंवा जादा लाल दिवाही ‘मूळ नाही’ म्हणून वजा करू नये. पेबल बीचसारखा बरोबरीचा नियम आपल्याकडे आणायला खर्च काहीच नाही. आणि आदल्या संध्याकाळी पोहोचणाऱ्या गाड्यांसाठी पहारा असलेली, छताखालची जागा, जवळ एक फिटर, एवढी सोय प्रवेशपत्रिकेतच लिहून दिली तर ट्रक सांगायला निघालेले काही मालक आधी मिस्त्रीकडे जाऊन ब्रेक तपासून घेतील.