अण्णा, डिझेल की पेट्रोल?

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो आणि फराळाच्या ताटावरच अण्णांनी प्रश्न टाकला, "तू मेकॅनिकलला आहेस ना? मग सांग, पिकअप घ्यायचाय. डिझेल घेऊ की पेट्रोल?"

मित्रांनो, व्हायव्हाला एक्स्टर्नलसमोर फुटला नसेल इतका घाम मला तेव्हा फुटला. कारण आय. सी. इंजिनच्या जर्नलमधली रीडिंग मी कुठून उतरवली होती ते माझं मलाच ठाऊक! आणि इथे तर प्रश्न घरच्या कर्जाचा.

आमचं गाव जुन्नर तालुक्यात. टोमॅटो नारायणगावच्या मार्केटला जातो. आमच्याकडे डिझेल म्हणजे कामाची गाडी आणि पेट्रोल म्हणजे शहरी लोकांचा शौक, असं समीकरण पक्कं आहे. ते उगाच झालेलं नाही. जून 2010 मध्ये पेट्रोलचे भाव मोकळे झाले, डिझेलचे मात्र ऑक्टोबर 2014 पर्यंत सरकारच्या हातात राहिले. त्या काळात दोन्हींच्या भावात चांगलंच अंतर असायचं. 2005 साली टाटा एस, म्हणजे आपला 'छोटा हत्ती' आला, तोही 702 सीसीच्या दोन सिलिंडरच्या डिझेल इंजिनावर. साधी रचना, फाट्यावरचा कुठलाही मिस्त्री खोलून बसवणार. अशा गाड्यांवर कितीतरी घरं उभी राहिली. डिझेलचं नाव झालं ते कष्टानं झालंय, हे आधी मान्य करू.

डिझेलमध्ये दम आहेच. कॉम्प्रेशन रेशो पेट्रोलपेक्षा बराच जास्त, म्हणून कार्यक्षमता जास्त. एका लिटरमधली ऊर्जाही पेट्रोलपेक्षा साधारण दहा-बारा टक्क्यांनी जास्त. दाब सोसायचा म्हणून ब्लॉक, क्रँक, पिस्टन सगळं दणकट. कमी आरपीएमला टॉर्क मिळतो, म्हणजे माल भरून घाट चढताना इंजिन रडवावं लागत नाही आणि क्लचही कमी झिजतो.

मग घोडं अडतंय कुठे? ते अडतं 1 एप्रिल 2020 पाशी. त्या दिवसापासून बीएस-6 लागू झालं आणि डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ नावाचा फिल्टर आला. तो काजळी अडवतो आणि साठली की जाळून टाकतो. त्यासाठी सुमारे 600 अंश तापमान लागतं. हायवेला अर्धा-पाऊण तास गाडी पळाली तर हे काम आपोआप होतं. पण मळा ते मार्केट आठ किलोमीटर, तिथे रांगेत चालू-बंद, परत आठ किलोमीटर, अशी गाडी चालली तर फिल्टर तापतच नाही. जळण मध्येच तुटलं की जादा सोडलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ होतं.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. आमच्या काकांनी डिझेल पिकअप घेतला आणि वर्षाच्या आत डॅशबोर्डवर दिवा लागला. ऐन टोमॅटोच्या सीझनमध्ये गाडी दोनदा वर्कशॉपला गेली, माल भाड्याच्या गाडीनं गेला, हप्ता मात्र चालूच! शेवटी तिथल्या मेकॅनिकनं सल्ला दिला, "आठवड्यातून एकदा हायवेला फिरवून आणत जा." म्हणजे गाडीच्या तब्येतीसाठी रिकामी चक्कर! काका मला म्हणाले, "इंजिनियरसाहेब, ही गाडी आहे की जावई?"

उलट शेजारचे तात्या. त्यांचा तसाच डिझेल पिकअप माळशेज उतरून वाशी मार्केटला जातो, जाऊन-येऊन तीनशे किलोमीटरच्या आसपास. त्यांना त्या दिव्याचा रंगही माहीत नाही. म्हणजे दोष डिझेलचा नाही, जोडी जुळवण्याचा आहे.

आता हिशेब मांडू. आकडे फक्त रीत कळावी म्हणून धरलेत, तुम्ही आपापले घाला. पेट्रोल 104 रुपये आणि 13 चं ॲव्हरेज, म्हणजे किलोमीटरला 8 रुपये. डिझेल 91 रुपये आणि 17 चं ॲव्हरेज, म्हणजे 5 रुपये 35 पैसे. किलोमीटरमागे 2 रुपये 65 पैसे वाचले. डिझेल गाडी सव्वा लाखानं महाग धरा.

रोज 40 किलोमीटर, वर्षाला 300 दिवस, म्हणजे 12,000 किलोमीटर. बचत 31,800. त्यातून देखभालीचे जादा 8,000 वजा केले तर उरले 23,800. सव्वा लाख फिटायला पाच वर्षांहून जास्त! कर्जाचं व्याज वेगळं, आणि मध्ये फिल्टर किंवा इंजेक्टर गेला तर सगळंच मुसळ केरात. तेच रोज 150 किलोमीटर असेल तर वर्षाला 45,000 किलोमीटर आणि बचत 1,19,250. देखभालीला जादा 20,000 धरले तरी सव्वा वर्षात पैसे वसूल. तिथे पेट्रोल घेणारा वेडाच.

मारुतीची सुपर कॅरी 2016 साली 793 सीसीच्या डिझेलवर आली होती. बीएस-6 नंतर ती पेट्रोल आणि सीएनजीवरच राहिली. लहान गाडीत डिझेलचा खर्च परवडेनासा झाला, हे कंपन्यांनाही कळलंय. सीएनजीचा पंप वाटेवर असेल आणि रांगेत वेळ जाणार नसेल, तर तोही पर्याय हिशेबात धरावाच.

पेट्रोल बिनदोष आहे असं नाही. भरल्या गाडीला चढावर खालच्या गिअरमध्ये ओढावं लागतं, ॲव्हरेज धाडकन पडतं. पण रोजच्या आखूड फेऱ्यांना ते कुरकुर करत नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. 'डिझेल टिकाऊ की पेट्रोल?' हा प्रश्नच अर्धा आहे. रोज किती किलोमीटर, सलग किती वेळ आणि किती वजन, हे विचारल्याशिवाय उत्तर देणारा एकतर सेल्समन असतो, नाहीतर रीडिंग उतरवून काढणारा आपल्यासारखा इंजिनियर!

हे सगळं मी अण्णांना सांगितलं. ते हसले, "पेट्रोलवर कुठं टेम्पो असतो का रे?" मी गप्प बसलो. पण परवा हॉस्टेलवर आईचा फोन आला. म्हणाली, अण्णांनी एक वही केलीय. भाड्याची गाडी आली की किती किलोमीटर आणि किती क्रेट, रोज लिहून ठेवतात.

आमच्या लॅबच्या जर्नलपेक्षा ती वही नक्कीच खरी असणार.